अण्णांनी इंजिन उघडलं

आमच्या घरी रविवार उजाडायचा तो रॉकेलच्या वासाने. दिल्ली कँटमधलं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, पण मागे पत्र्याची एक शेड होती आणि अण्णांचं खरं घर म्हणजे ती शेड. लोखंडी पलंगाच्या सांगाड्यावर फळ्या टाकून त्यांनी तिथे टेबल केलं होतं. त्या टेबलावर कायम कोणाचं ना कोणाचं इंजिन पोट उघडं टाकून पडलेलं असे. आईची एक परात त्यांनी पळवली होती. तिच्यात रॉकेल ओतून ते पिस्टन, बोल्ट, स्प्रिंगा ब्रशने घासत बसत आणि आई आतून ओरडे, "अहो, त्या हातांनी माठाला शिवू नका हं!" मग भाकऱ्या थापल्याचा आवाज, खलबत्त्यात लसणाची चटणी कुटल्याचा आवाज, आणि या सगळ्यावर शेडमधल्या रेडिओवरची क्रिकेटची हिंदी कॉमेंट्री. अण्णा आत जेवायला येत तेव्हा त्यांच्या हातांना साबण आणि रॉकेल अशा दोन्हींचा वास यायचा. त्याच हाताने ते मला भाकरीचा पापुद्रा काढून देत. मला तो वास आवडायचा, हे मी आईला कधी सांगितलं नाही.

अण्णा लष्कराच्या वर्कशॉपात सुभेदार होते. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून भरती होऊन निघाले ते ट्रक, जीपा, जनरेटर उघडत-जोडत देशभर हिंडले आणि शेवटच्या पोस्टिंगला दिल्लीत आले. कँटात त्यांचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जाई. चालू इंजिनाच्या अंगाला लांब पेचकस टेकवून, त्याची मूठ कानाला लावून ते आतलं दुखणं ओळखत. (पेचकस हा स्क्रूड्रायव्हरचा हिंदी शब्द, हे मला लग्नानंतर पुण्याच्या सासूबाईंनी सांगितलं. दिल्लीत वाढलेल्या आम्हा मुलांचं मराठी असंच, मधे मधे दात पडल्यासारखं.) दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी सामानाबद्दलचा त्यांचा सोवळेपणा. वर्कशॉपातली सुतळीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. शेजारच्या कदमवहिनींची स्कूटर दुरुस्त केली की उरलेला एकुलता एक वॉशर कागदात गुंडाळून परत देत. आई यावरून त्यांची चेष्टा करायची, पण कोपर्निकस मार्गावरच्या, दिल्लीतली मराठी मंडळी जमायची त्या सदनात हळदीकुंकवाला गेली की चार बायकांत बसून हेच कौतुकाने सांगायची. मीही सांगायचे. शाळेत, कॉलेजात, फरीदाबादच्या बसमध्ये, ज्याला ऐकायचं नसेल त्यालाही.

शर्यतीचं खूळ घरात आणलं ते पुष्करने. तो आर. के. पुरमला राहायचा. त्याचे वडील पुण्याचे, मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर. आम्ही दोघं फरीदाबादच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात होतो. मराठी बोलायला कोणीतरी मिळालं, एवढ्यावर आमची मैत्री जमली. एक दिवस तो सांगत आला, की फरीदाबादच्या पलीकडे एका बिल्डरने नवा सेक्टर आखलाय. रस्ते झालेत, दिव्याचे खांब झालेत, घर मात्र एकही नाही. तिथे काही हौशी मंडळी जुन्या गाड्यांची सहा तासांची शर्यत भरवतात. "एकदम सस्ती गाडी पाहिजे यार, भंगारला निघालेली. आठशे सीसीचं इंजिन. दोघांनी आळीपाळीने चालवायची. जो जास्त फेऱ्या मारेल तो जिंकला." नियम एकच कडक होता. इंजिन कंपनीने दिलं तसंच ठेवायचं. झिजलेलं दुरुस्त करायला परवानगी, पण ताकद वाढवण्यासाठी कशालाही हात लावायचा नाही. अण्णांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "हे बरं आहे. म्हणजे पैसेवाल्यांचं काही चालणार नाही." सदनातल्या एका कारकुनाची गाडी वर्षभर झाडाखाली उभी होती. ती आम्ही घेतली. मूळची पांढरी असावी, पण कबुतरांनी तिचा रंग ठरवणं अवघड करून ठेवलं होतं.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांत शेवटी आलो. नुसते शेवटी नाही, हास्यास्पद शेवटी. मी चालवायला बसले की प्रत्येक सरळ रस्त्यावर लोक मला मागे टाकून जात, आणि लाउडस्पीकरवरचा मुलगा दरवेळी ओरडे, "रास्ता दीजिए, रास्ता दीजिए, बैलगाड़ी आ रही है!" कडेला उभे असलेले लोक हसत. पुष्करच्या पाळीलाही काही वेगळं झालं नाही, पण मुलगी म्हणून माझ्या वाट्याला हसू जास्त आलं. घरी येताना मी रडले. अण्णा समोर बघत राहिले. मी हळू चालवते, वळणावर घाबरते, माझ्यात तो दमच नाही, असं मी स्वतःला सांगून टाकलं. कोणी ते खोडून काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी अण्णांनी इंजिन एकट्यानेच बनवलं. माझी परीक्षा होती, त्यामुळे मला शेडमध्ये येऊ देत नसत. हे मला तेव्हा मायेचं वाटलं. शर्यतीच्या आधी मी गाडी रिकाम्या रस्त्यावर घेऊन गेले आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तर ती अशी उसळली की मी ओरडलेच. तीन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरसारखं सुरेल कधी वाजत नाही, त्याच्या आवाजात एक लंगडेपणा असतो. पण त्या दिवशी ते लंगडत नव्हतं, धावत होतं. "अण्णा, काय केलंत काय?" मी विचारलं. "नीट जुळवलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "आणि तूही आता सुधारली आहेस."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्या शर्यतीत मी ज्या गाड्या मागे टाकल्या त्या सगळ्या मी माझ्या नावावर जमा केल्या. प्रत्येक फेरीला वाटे, बघा, आलं मला. गवताच्या पेंढ्या रचलेलं ते शेवटचं वळण, उन्हात वितळलेल्या डांबराचा वास, खिडकीतून येणारी धूळ, घामाने स्टिअरिंगवर निसटणारे हात, आणि माझी पाळी संपल्यावर आईने डब्यात बांधून दिलेले धपाटे उभ्या उभ्या खाणं. आयुष्यात इतकं सुख मला क्वचितच झालंय. तेव्हाचा तो आनंद आता आठवला तरी कानशिलं तापतात.

आम्ही पहिले आलो. पुष्करच्या वडिलांनी त्याला ऑफिसचा मोबाईल दिला होता. त्याच्यावरून मी कदमवहिनींच्या घरी फोन लावून आईला बोलावून घेतलं आणि किंचाळून सांगितलं. तिकडून आईचा आवाज, मग वहिनींचा, मग आणखी दोघींचा.

बक्षीस द्यायच्या आधी दुसऱ्या आलेल्या टीमचा गुरमीत आमच्याकडे आला. तो फरीदाबादला ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. शांत, जरा लाजराच मुलगा. म्हणाला, "मैडम, बुरा मत मानना. हमने प्रोटेस्ट डाला है. सीधे रास्ते पर आपकी गाड़ी ऐसे निकलती है जैसे हम खड़े हों. आठ सौ का इंजन ऐसे नहीं भागता."

"भागता है, अगर बनानेवाले को आता हो," मी म्हणाले.

"हो सकता है. एक बार हेड खोलकर देख लेते हैं, बस."

मग मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "हार गए तो इल्ज़ाम लगाओगे? शर्म नहीं आती? मेरे पिताजी ने पूरी उम्र फ़ौज में निकाली है. सरकार की एक सुतली घर नहीं लाए. खोलो, शौक़ से खोलो! और कुछ नहीं निकला तो यहीं, सबके सामने माफ़ी माँगोगे." लोक जमले. पुष्कर माझ्या मागून "बिल्कुल, बिल्कुल" म्हणत होता. अण्णा गाडीच्या बॉनेटपाशी फडक्याने हात पुसत उभे होते. बराच वेळ पुसत होते.

गाड्या तपासायचं काम तिथे एका निवृत्त कर्नलसाहेबांकडे होतं. पांढऱ्या मिशा, पायात कॅनव्हासचे बूट, आणि अण्णांसारखीच त्यांचीही सगळी नोकरी लष्करी वर्कशॉपांत गेलेली. सकाळी अण्णांनी त्यांना कडक सॅल्यूट केला होता आणि कोणत्या वर्कशॉपात होता, कोण कमांडिंग ऑफिसर होते, असं दोघांचं बोलणं झालं होतं. ते आता आले आणि म्हणाले, "सूबेदार साहब, नियम है. आप खुद ही खोल दीजिए. अपने हाथ से अच्छा रहेगा."

इंजिन तापलेलं होतं, निवायला वेळ लागणार होता. तेवढ्यात सगळ्यांना चहा आला. अण्णांनी घेतला नाही. मी घेतला, दोन वेळा घेतला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की आता मजा बघा. मग अण्णा कामाला बसले. मी नेहमीसारखी त्यांच्या बाजूला बसून पाने देत होते. एअर क्लीनर निघाला, कार्बोरेटर निघाला, वरचं झाकण निघालं. शेडमध्ये हे काम करताना अण्णा गुणगुणत असत. त्या दिवशी नुसता श्वासाचा आवाज येत होता. मधेच हलक्या आवाजात म्हणाले, "रोहिणी, तू जरा पुष्करबरोबर पाणी घेऊन ये."

"मी इथून हलणार नाही, अण्णा. त्याचं तोंड बघायचंय मला."

अण्णांनी मान खाली घातली. हेडचे बोल्ट सोडायचे राहिले होते. मी पाना पुढे केला. "नको देऊ," ते म्हणाले. मला वाटलं त्यांना दुसऱ्या मापाचा हवाय. मी तो पुढे केला. तेव्हा ते उठले, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि कर्नलसाहेबांसमोर सावधानमध्ये उभे राहिले.

"साहब, हेड घिसा हुआ है. मैंने घिसवाया है. बच्चों को मालूम नहीं."

गाड्यांतलं ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवर बसणारा धातूचा जाड भाग. तो मशिनवर घासून पातळ केला की आतली जागा कमी होते, पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते आणि इंजिनाला जोर येतो. बाहेरून काही दिसत नाही. अण्णांनी ते काश्मीरी गेटच्या एका मशिनवाल्याकडून करून आणलं होतं. मला हे कळायला तिथे एक क्षणही लागला नाही, कारण मला हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं. तरी मी दोन्ही हातांत पाने घेऊन तशीच बसून राहिले.

कर्नलसाहेबांनी खिशातून कागद काढला. मग म्हणाले, "खोलना फिर भी पड़ेगा, सूबेदार साहब. लिखने के लिए नाप चाहिए." म्हणजे अण्णांना परत खाली बसावं लागलं. कबूल केल्यानंतर, त्या सगळ्या लोकांच्या गराड्यात, त्यांना एकेक बोल्ट सोडावा लागला. पाने मीच दिले, दुसरं कोण देणार. हेड निघालं, कर्नलसाहेबांनी व्हर्नियर लावून जाडी मोजली आणि कागदावर लिहिली. मागे कोणीतरी हसलं. कर्नलसाहेबांनी त्या दिशेने असं बघितलं की हसणं थांबलं. जाताना ते अण्णांना एवढंच म्हणाले, "सुबह आपकी गाड़ी मैंने देखी तक नहीं थी. सोचा, अपना आदमी है."

मला आयुष्यात पुढे बरंच काही ऐकावं लागलं, पण इतक्या हळू आवाजात इतकं जिव्हारी लागणारं कोणी बोललं नाही. अण्णांच्या मानेवर घामाच्या रेघा होत्या आणि त्या रेघांत काळं ऑइल उतरलं होतं. गुरमीत जमिनीकडे बघत होता. मी त्याला माफी मागायला लावणार होते. त्याने माझ्याकडे एकदाही वर बघितलं नाही, हा त्याचा चांगुलपणा मला तेव्हा मारल्यासारखा लागला. आणि त्याहूनही खोल कुठेतरी दुसरी एक लाज वर येत होती. त्या गाड्या मी मागे टाकल्या नव्हत्या. त्या घासलेल्या हेडने मागे टाकल्या होत्या. मी परत तीच बैलगाडी होते.

गाडी तिथेच सोडून पुष्करच्या गाडीतून आम्ही परतलो. क्वार्टर्सच्या फाटकाशी पुष्कर "चलो, अंकल" एवढं म्हणाला आणि गेला. दिवेलागणीची वेळ होती. आमच्या दारात रांगोळी होती. आई औक्षणाचं ताट घेऊन उभी, मागे कदमवहिनी आणि आणखी चार-पाच जणी, सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून. फोनवर मीच तर सांगितलं होतं. आतून पुऱ्या तळल्याचा वास येत होता. आई हसत म्हणाली, "दोघंही या असे, एकदमच ओवाळते."

अण्णा उंबऱ्याबाहेर थांबले. "ताट खाली ठेव," ते म्हणाले. आईला वाटलं दमलेत. "अहो, दोन मिनिटं..." तेव्हा अण्णांनी तिच्याकडे नाही, कदमवहिनींकडे बघून सांगितलं, "वहिनी, मी चोरी केली. इंजिनात लबाडी केली होती. आम्हाला बाद केलं. पोरीला माहीत नव्हतं."

निरांजनाची वात तेवढी हलत होती. मग आईने ताट कोनाड्यात ठेवलं, पदर खोचला आणि बायकांना म्हणाली, "जेवून जा. केलंय सगळं." आणि त्या जेवल्या. निघून जाणं अवघड होतं म्हणून जेवल्या. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी, ताटांचे आवाज, आणि "थोडं वाढू का?" "नको, पुरे" याखेरीज एक शब्द नाही. अण्णा मोरीत हात धूत उभे राहिले. नळाचा आवाज जेवण संपेपर्यंत चालू होता. त्या श्रीखंडाची चव अजून माझ्या तोंडात आहे. ते चांगलं झालं होतं.

आमच्या टीमवर बंदी आली. त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते बाकीच्याचं. त्या वर्षी आई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सदनात गेली नाही. घुटने दुखतायत म्हणाली. घरात आम्ही गुडघेसुद्धा हिंदीत दुखवून घ्यायचो. लोक अण्णांकडे स्कूटर घेऊन येत राहिले, तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण वॉशर परत दिला की घेणारा क्षणभर त्या पुडीकडे बघे. मी पुष्कळ महिने अण्णांशी कामापुरतं बोलत होते. पाणी ठेवलंय, फोन आहे, जेवायला चला. गुरमीतने पुढच्या मोसमात त्याच्या टीममध्ये मला जागा देऊ केली, "आपको तो पता ही नहीं था, मैडम" म्हणाला. मी एकदा त्याची गाडी चालवली, मधल्या कुठल्या तरी नंबराला आलो, आणि मग मी ते सोडून दिलं. माझ्यात दम नाही हे मला आधीच माहीत होतं.

का केलं, हे मी त्यांना विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे असं मी धरून चालले. पोरगी रडली, बापाला बघवलं नाही. हे उत्तर बरं होतं. त्याच्या आधाराने मी हळूहळू त्यांच्याशी परत बोलायला लागले, लग्न केलं, संसार केला. अण्णा निवृत्त होऊन फरीदाबादला फ्लॅट घेऊन राहिले. आता मी त्या दिवशीच्या अण्णांपेक्षा वयाने मोठी आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेले होते. दुपारी लाइट गेली म्हणून दोघं बाल्कनीत बसलो होतो. आई आत भाजी निवडत होती. कशावरून विषय निघाला आठवत नाही, पण मी बोलून गेले, "अण्णा, मी रडले नसते तर तुम्ही ते हेड घासलं नसतंत ना?"

त्यांनी वारा घ्यायला हातात धरलेलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "तू रडलीस म्हणून नाही घासलं. पहिल्या वर्षी तू हळू नव्हतीस, रोहिणी. गाडी हळू होती. घरी आणून उघडली तेव्हा दिसलं, एक व्हॉल्व्ह जळला होता. टॅपेट मी घट्ट ठेवले होते, व्हॉल्व्ह नीट मिटतच नव्हता. माझ्या हातची चूक. एक सिलिंडर मेलेलं, तशा गाडीत तू बसून राहिलीस."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, पोरीला सांगा," आई आतून म्हणाली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं मी स्वतःला काय समजत आले, ते सगळं त्या एका वाक्यात कोसळलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी एवढंच विचारलं, "मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तिथे कडेला उभा होतो ना, तेव्हा शेजारच्या एका माणसाने विचारलं, ये बैलगाड़ी किसकी है, आपकी तो नहीं? सगळे हसत होते. मी म्हणालो, नहीं जी, मैं तो बस देखने आया हूँ. आणि नेमकी तू समोरून गेलीस. मला बघून तू हात केलास."

मला ते आठवत नाही. हे लिहायला बसल्यावर खूप आठवून पाहिलं. धूळ आठवते, तो लाउडस्पीकर आठवतो, हात केलेला आठवत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," अण्णा म्हणाले. "माझाही हात वर जात होता. तो मी खिशात घातला."